दहा ग्रॅमची तार आणि पायाचं उत्तर

मधुमेह असलेल्या माणसाला "पायाला कळतं का हो नीट?" असं विचारलं की बहुतेक वेळा "हो, कळतं की" हेच ऐकू येतं. माणूस खोटं बोलत नसतो. बधिरपणा इतका सावकाश चढतो की काय कळेनासं झालंय हेच त्याला कळत नाही. चप्पल पायातून निसटून मागे राहते, हा तसाच चार पावलं पुढे जातो आणि मागून कुणीतरी हाक मारतं. म्हणून विचारून भागत नाही, मोजावं लागतं. ठरलेल्या मापाचा स्पर्श द्यायचा आणि पाय काय उत्तर देतो ते लिहून घ्यायचं, एवढंच काम. गोची अशी, की स्पर्श खरंच ठरलेल्या मापाचा होता का हे फारसं कुणी तपासत नाही. आणि उत्तर पायाने दिलं, कानाने दिलं की भिडेने दिलं, तेही कुणी बघत नाही.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त बिघडवली जाणारी तपासणी म्हणजे मोनोफिलामेंट. ओपीडीत त्याला कुणी फिलामेंट म्हणतं, कुणी नुसतं तार. प्लॅस्टिकच्या दांडीला काटकोनात बसवलेली नायलॉनची तार, लांबी ३८ मिलीमीटर, जाडी साधारण अर्धा मिलीमीटर. ही तार १० ग्रॅमची, म्हणजे १० ग्रॅम वजनाइतका जोर झाला की ती वाकते. हिराच्या झाडूची काडी जमिनीवर उभी धरून वरून दाबून बघा. आधी ताठ राहते, मग एका क्षणी मधूनच धनुष्यासारखी वाकते. एकदा वाकली की आणखी दाबलं तरी जमिनीवरचा जोर फारसा वाढत नाही, काडी फक्त जास्त वाकत जाते. सगळी युक्ती इथे आहे. दाबणाऱ्याचा हात जड असो की हलका, पायाला मिळणारा जोर काडीच ठरवते.

जर्मनीत माक्स फॉन फ्राय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याच कामासाठी घोड्याचे केस वापरले होते. १९६० मध्ये जोसेफिन सेम्स आणि सिडनी वाइन्स्टाइन यांनी मेंदूला जखम झालेल्या सैनिकांचा स्पर्श तपासायला नायलॉनच्या तारा वापरल्या, म्हणून आजही त्या दोघांच्या नावाने ओळखल्या जातात. दांडीवर छापलेला ५.०७ हा आकडा ग्रॅमचा नाही. मिलिग्रॅममधल्या जोराला दहाने गुणून त्याचा लॉगॅरिदम काढला की तो मिळतो. उलटं गणित केलं तर जवळपास ११.७ ग्रॅम येतात, तरी व्यवहारात तिला दहाचीच तार म्हणतात. ही तार मधुमेहाकडे आली ती कुष्ठरोगाच्या कामातून. तमिळनाडूत वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर काम केलेले सर्जन पॉल ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथेच पुढे १९८० च्या दशकात असं दिसून आलं, की ज्यांच्या तळपायाला जखमा झाल्या आहेत त्यांना १० ग्रॅमची तार कळत नाही. बधिर पाय मधुमेहाने झालेला असो की कुष्ठरोगाने, खडा रुतला तरी न थांबता चालत राहण्याची त्याची खोड तीच.

आधी तार तपासा, मग पाय

नायलॉन पाणी शोषतं आणि मऊ पडतं. कोकणात जुलै महिन्यात टेबलाच्या खणात पडलेली तार आणि मे महिन्यात विदर्भात वापरलेली तार एकाच खोक्यातून निघाली असली तरी सारखी वागत नाही. शिवाय वापराने ती थकते. एका तारेने सलग दहाएक पेशंट झाले की तिला २४ तास विश्रांती द्यावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. गर्दीच्या ओपीडीत एका दिवसात साठ पाय तपासायचे तर निदान तीन-चार तारा हव्यात आणि त्यांची पाळी लावायला हवी. थकलेली तार ७-८ ग्रॅमलाच वाकते. मग ज्याला १० ग्रॅम कळले असते तोही "नाही" म्हणतो, आणि चांगले पाय धोक्याच्या यादीत जातात.

उलटी चूक जास्त वाईट. तारेचं टोक वाकडं झालं म्हणून कात्रीने कापून "सरळ" करणारे आहेत. वाकायला लागणारा जोर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ३८ मिलीमीटरची तार कापून ३० ची झाली, की १० ग्रॅमची तार १६ ग्रॅमची होते. तिने तपासलेला बधिर पाय आरामात पास होतो. जाडीचा हिशेब तर याहून कडक आहे, तिथे चौथा घात लागतो. जाडीत पाच टक्के वाढ झाली की जोर एकवीस टक्क्यांनी वाढतो. म्हणून अनोळखी दुकानातून आणलेल्या तारांवर फक्त छापील आकडा बघून विश्वास ठेवू नये.

तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. सोनं तोलायला मिळतो तसला खिशातला डिजिटल काटा पुरतो, २०० ग्रॅमपर्यंतचा आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा. पंखा बंद करा. ताटलीवर कापडी चिकटपट्टीचा छोटा तुकडा चिकटवा, नाहीतर तारेचं टोक गुळगुळीत स्टीलवर घसरतं आणि आकडा कमी येतो. मग ताटलीवर एखादं नाणं ठेवा आणि काटा शून्य करू नका, नाण्याचं वजन दिसू द्या. याचं कारण असं, की बरेच स्वस्त काटे शून्याजवळचा बारीक फरक आपोआप पुसून टाकतात. सावकाश दाबत गेलात तर पहिले काही मिलिग्रॅम गायब. आकडा शून्यापासून लांब असला की ही लबाडी चालत नाही. आता तार नाण्याशेजारी पट्टीवर अगदी उभी टेकवा, इंग्रजी सी सारखी वाकेपर्यंत दाबा, दोन सेकंद धरा आणि नाण्याचं वजन वजा करून आकडा लिहा. दिवसातल्या पहिल्या दोन दाबांना तार जरा जास्त ताठ असते, ते दोन सोडून द्या. पेशंटवर वापरण्याआधीही ती अशीच दोनदा वाकवून घ्यायची असते. पुढच्या दहा दाबांची सरासरी ९ ते ११ ग्रॅममध्ये असेल तर तार ठेवा. त्याबाहेर गेली तर उद्या पुन्हा बघा, उद्याही तसंच असेल तर फेका.

याच काट्यावर मासेमारीच्या तंगुसापासून तारही बनवता येते. अर्ध्या मिलीमीटरचं तंगूस घ्यायचं, रिळाचा बाक जाण्यासाठी वजन बांधून गरम पाण्यात ताणून ठेवायचं, दांडीत पक्कं बसवायचं आणि काट्यावर दहा ग्रॅम येईपर्यंत एकेक मिलीमीटर कापत जायचं. बाक राहिलेलं तंगूस लवकर वाकतं, त्यामुळे सरळ करण्याची पायरी चुकवून चालत नाही. काट्यावर घेतलेली घरगुती तार छापील पण न तोललेल्या तारेपेक्षा बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायाला प्रश्न कसा विचारायचा

पेशंटला आडवं करा, मोजे काढा, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. आधी तार त्याच्या हाताच्या पाठीवर किंवा कपाळावर लावून दाखवा, म्हणजे काय ओळखायचंय ते कळेल आणि सुईची भीतीही जाईल. मग पाय दिसणार नाहीत असा टॉवेल आडवा धरा. "डोळे मिटा" म्हटलं की अर्ध्या मिनिटात पापण्या किलकिल्या होतातच, टॉवेल बरा.

जागा तीन: अंगठ्याचं बोंड, चवड्यावर अंगठ्याखालचा उंचवटा आणि करंगळीखालचा उंचवटा. काही ठिकाणी दहा जागा बघतात, पण जोखीम ठरवायला या तीन पुरतात. घट्टा किंवा कुरूप असेल तिथे लावू नका, त्याच्या शेजारच्या मऊ कातडीवर लावा. घट्ट्यावरचं "नाही" हे नसेचं नसतं, जाड कातडीचं असतं. तार कातडीला काटकोनात टेकवायची, वाकेपर्यंत दाबायची, उचलायची. टेकवण्यापासून उचलण्यापर्यंत सगळं मिळून दोन सेकंद. घासायची नाही. घसरली तर ती खेप मोजायची नाही, कारण सरकता स्पर्श उभ्या स्पर्शापेक्षा लवकर कळतो.

खरी गडबड होते ती प्रश्नात. "आता कळलं?" असं दर वेळी तार लावल्यावर विचारलं तर प्रश्नच उत्तर सांगतो. एक-दोन-तीन अशा ठेक्यात लावलं तर पेशंट ठेका पकडतो. तपासणारा पुढे वाकला की खुर्ची करकरते, बांगडी वाजते, बाहीचा वारा लागतो. मन लावून उत्तरं देणाऱ्या माणसाला एवढं पुरतं. म्हणून अधूनमधून तार न लावताही तोच प्रश्न, त्याच आवाजात विचारायचा. प्रत्येक जागी तीन खेपा, त्यातली एक खोटी. तिनांपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर त्या जागी संरक्षक संवेदना, म्हणजे इजा कळण्यापुरती जाणीव, आहे, दोन चुकली तर नाही. सध्या प्रचलित पद्धत ही आहे आणि रोजच्या कामाला ठीक आहे.

तिची मर्यादा मात्र माहीत असावी. नुसत्या अंदाजाने हो-नाही बोलणाऱ्या माणसाची तिनांपैकी किमान दोन उत्तरं बरोबर येण्याची शक्यता बरोबर निम्मी असते, नाणेफेकीइतकी. म्हणजे ठार बधिर पाय एका जागेपुरता दोनात एकदा पास होतो. तिन्ही जागी पास होण्याची शक्यता आठात एक, दोन्ही पायांच्या सहा जागी चौसष्टात एक. म्हणूनच एकही जागा नापास झाली तर पाय जोखमीचा धरतात, "बाकी पाच ठिकाणी तर कळलं" म्हणून सोडत नाहीत.

उपचाराचा परिणाम बघायचा असेल, आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून पाहायचा असेल, तर तीन खेपा अजिबात पुरत नाहीत. तिथे जोडीची पद्धत वापरावी. बोलायचं साधारण असं:

"मावशी, मी 'एक' म्हणेन, मग 'दोन' म्हणेन. त्यातल्या एकदाच तार लागेल. कधी लागली तेवढं सांगायचं."

"आणि दोन्ही वेळा कळलंच नाही तर?"

"तरी एक की दोन, काहीतरी एक सांगायचं. अंदाजाने सांगा, चुकलं तरी चालेल."

"कळलं नाही" हे उत्तर घ्यायचंच नाही. आठ जोड्या करायच्या, कधी 'एक'ला लावायची आणि कधी 'दोन'ला हे आधीच नाणं उडवून कागदावर लिहून ठेवायचं. मनाने ठरवायला गेलात तर हात नकळत एक-दोन-एक-दोन करतो. आठपैकी सात किंवा आठ बरोबर आली, तर ते निव्वळ अंदाजाने घडण्याची शक्यता साडेतीन टक्के आहे. सहा आली तर ठाम काही बोलू नये. या पद्धतीत भिडस्त पेशंट आणि शंकेखोर पेशंट एका पातळीवर येतात. भिडस्ताला सारखं "हो" म्हणून डॉक्टरांना खूश करता येत नाही, आणि खात्री वाटेपर्यंत गप्प बसणारा नाहक बधिर ठरत नाही.

घरी तार नसेल तर बोटानेही चालतं. दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकावर तर्जनी हलकेच एक-दोन सेकंद टेकवायची. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय दाखवून घ्यावा. पेशंटचा मुलगा किंवा सून हे दोन मिनिटांत करू शकते.

तार कळली म्हणजे सगळ्या नसा ठीक, असा अर्थ मात्र काढू नका. स्पर्श आणि कंप जाड तंतूंतून जातो, ऊन-गार आणि दुखणं बारीक तंतूंतून. रात्री तळपायांची आग आग होते, पांघरूण सहन होत नाही, अशी तक्रार असलेला माणूस तारेची परीक्षा शंभर टक्के पास होऊ शकतो. त्याला "तुमच्या नसा चांगल्या आहेत" म्हणून घरी पाठवणं चूक आहे.

कंप

१२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे मारला की थरथरत राहणारा धातूचा दोन दातांचा काटा, पायाच्या अंगठ्याच्या पाठीवर, नखाच्या जरा मागच्या हाडावर उभा ठेवतात. तो टेबलावर आपटू नये, तळहाताच्या कडेवर मारावा. टेबलावर दर वेळी वेगळा जोर लागतो आणि आवाज इतका होतो की उत्तर कान देतात. पेशंटला "काही कळतंय का?" विचारलं की तो "हो" म्हणतो, कारण धातूचा गारवा आणि दाब तर कळतोच. विचारायचं ते "थरथर कळते का?" असं. मग थांबली की सांगायला सांगायचं आणि लगेच तोच फोर्क आपल्या अंगठ्याच्या हाडावर ठेवून बघायचं. आपल्याला पुढे दहा सेकंदांहून जास्त कळत राहिलं तर पेशंटची संवेदना कमी. हे अर्थात तपासणाऱ्याचा अंगठा चांगला असेल तरच. पासष्टीच्या डॉक्टरांनी ही पद्धत वापरताना स्वतःचाही विचार करावा.

बायोथेसिओमीटर, म्हणजे विजेवर थरथरणारी मूठ असलेलं यंत्र, यापेक्षा नेमकं. त्याची मूठ पायाच्या अंगठ्यावर टेकवायची, बटण फिरवत ० पासून ५० व्होल्टकडे जायचं, कंप पहिल्यांदा कळला तो आकडा लिहायचा, तीनदा घेऊन सरासरी काढायची. २५ व्होल्टच्या वर गेलेल्या पायाला जखमेचा धोका पुष्कळ जास्त असतो, १५ च्या आतला पाय त्या मानाने सुरक्षित. चुका दोन. पहिली म्हणजे मूठ दाबून धरणं. ती स्वतःच्या वजनावरच टेकली पाहिजे, दाबली की आकडा बदलतो. दुसरी घाई. सेकंदाला एक व्होल्ट या वेगाने चढवलं तर पेशंटला "आलं" म्हणायला अर्धा सेकंद लागला तरी आकडा अर्ध्या व्होल्टनेच फुगतो. पाच व्होल्टच्या वेगाने गेलात तर अडीचने फुगतो. आणि मागच्या वेळी सावकाश, या वेळी घाईत असं झालं तर पेशंटचा आजार वाढला असं कागदावर दिसतं, वाढलेली असते ती ओपीडीची रांग.

एक बारकावा उपचाराचा हिशेब करताना नडतो. कंपाची खोली व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २५ वरून २० वर येणं म्हणजे २० टक्के सुधारणा नव्हे, कळणारा कंप ३६ टक्क्यांनी बारीक झाला. त्यामुळे व्होल्टची टक्केवारी काढून छापलेल्या तक्त्यांकडे जरा सावधपणे बघा.

पायाचा ताप

बधिर पाय दुखत नाही, पण आतून सुजला तर तापतो. शार्को फूटमध्ये, म्हणजे घोट्या-पावलाची हाडं आतल्या आत ढासळू लागतात तेव्हा, दोन पायांच्या त्याच जागेच्या तापमानातला फरक हीच सगळ्यात उपयोगी खूण. २.२ सेल्सिअसपेक्षा जास्त फरक सतत दिसला तर काहीतरी शिजतंय. प्लास्टर घातल्यावर उपचार लागू पडतोय का हेही याच फरकावरून बघतात. फरक दोन अंशांच्या आत येऊन तिथेच टिकला की मग प्लास्टर काढण्याचा विचार, त्यासोबत एक्स-रेही बघून.

इथे कोविडच्या काळात घरोघरी आलेली कपाळाची बंदूक वापरली जाते आणि फसगत होते. 'बॉडी'वर ठेवली तर ती कपाळाच्या कातडीचं तापमान घेऊन त्यात स्वतःची भर घालून शरीराचा ताप दाखवते. पायाला ती भर लागू नाही. 'सरफेस'वर ठेवा. दोन्ही पाय दहा-पंधरा मिनिटं उघडे ठेवून, फरशीला न टेकवता, त्याच खोलीत, त्याच अंतरावरून घ्या. एक पाय बँडेजमध्ये आणि दुसरा उघडा असेल तर बँडेज सोडूनही तेवढाच वेळ थांबा. दोन्ही पायांना आजार असेल तर ही तुलनाच मोडते, मग त्याच जागेचे आधीचे आकडे हाताशी असावे लागतात.

उभं राहिल्यावर

मधुमेह पायाच्या नसांवर थांबत नाही, हृदय आणि रक्तवाहिन्या आवरणाऱ्या नसांनाही धरतो. त्याची घरगुती म्हणावी इतकी सोपी परीक्षा म्हणजे उभं करून बीपी बघणं. पाच मिनिटं आडवं, मग बीपी आणि नाडी. उभं करा, एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर घसरण खरी धरतात.

यात जी चूक सर्रास होते ती हाताची. आडव्या माणसाचा दंड हृदयाच्या पातळीवर असतो. उभा राहिला की हात खाली लोंबतो. दर १० सेंटिमीटरला बीपी ७-८ मिलीमीटरने जास्त दिसतं. मनगटावरचं यंत्र असेल तर ते वीस-तीस सेंटिमीटर किंवा त्याहूनही खाली जातं, म्हणजे निदान पंधरा-वीस मिलीमीटर फुकटची भर. खरी घसरण २० ची असेल तर यंत्रावर काहीच घसरण दिसणार नाही. दंडावरचा पट्टा घ्या आणि उभं असताना पेशंटचा हात कुणीतरी हृदयाच्या पातळीवर आडवा धरा, त्याला स्वतः धरायला लावू नका. स्नायू ताणले की बीपी चढतं. पट्ट्यातली पिशवी दंडाच्या घेराच्या ऐंशी टक्के तरी पुरली पाहिजे.

नाडी टाळू नका, कारण बीपी का घसरलं ते नाडीच सांगते. समजा वरचं बीपी ३० ने घसरलं आणि नाडी २५ ने वाढली, तर नाडीच्या वाढीला बीपीच्या घसरणीने भागून ०.८ च्या आसपास येतात. शरीर धावून आलं, पाणी कमी पडलं असेल किंवा गोळी जास्त झाली असेल. बीपी तेवढंच घसरलं आणि नाडी फक्त ६ ने वाढली, तर भागाकार ०.२. अर्ध्याच्या खाली गेलं की नसांवर संशय घ्यायचा. मात्र नाडी मंदावणारी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल किंवा पेसमेकर असेल तर नाडी गोळीच्या किंवा यंत्राच्या ताब्यात असते, हा हिशेब लावू नये.

वेळ लिहिणंही तितकंच गरजेचं. जेवणानंतर घसरण जास्त दिसते, सकाळी उठल्या उठल्या जास्त, प्रोस्टेटची टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर जास्त. आणि नसांमुळे बीपी घसरणाऱ्या बऱ्याच जणांत अर्धा लिटर पाणी भराभर पिऊन झालं की काही मिनिटांतच बीपी चढू लागतं, अर्ध्या तासाच्या आसपास सगळ्यात वर जातं. पेशंट दुपारी रांगेत बसून बाटलीभर पाणी पिऊन आला असेल तर औषधाला श्रेय देण्याआधी ते विचारा.

ईसीजी यंत्र असेल तर एक मिनिट संथ श्वासाची परीक्षाही करता येते. पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, असे मिनिटात सहा श्वास. श्वास घेताना नाडी वाढते, सोडताना कमी होते. दोन्हींतला सरासरी फरक १५ किंवा जास्त असेल तर उत्तम, १० किंवा कमी असेल तर बिघाड. कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलीमीटर असेल तर लागोपाठच्या दोन ठोक्यांच्या टोकांमधलं अंतर मिलीमीटरमध्ये मोजून १५०० ला त्याने भागा, नाडी मिळते. उतारवयात हा फरक तसाही कमी होतो, हे आकडा वाचताना ध्यानात ठेवा.

"उपचाराने फरक पडला" म्हणण्याआधी

प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन ही औषधं दुखणं कमी करतात, गेलेली संवेदना आणत नाहीत. त्यामुळे तीन महिन्यांनी तार पूर्वीसारखीच कळत नसेल तर औषध वाया गेलं असं होत नाही. तिथे मोजायचं दुखणं, ० ते १० मध्ये, आणि साधारण दोन अंकांची किंवा ३० टक्क्यांची घट पेशंटच्या रोजच्या जगण्यात जाणवण्याइतकी धरली जाते. कुष्ठरोगात नसेला सूज येऊन हात-पाय बधिर पडतात तेव्हा सूज उतरवणारं प्रेडनिसोलोन देतात, तिथे मात्र स्पर्श परत येतो का हेच बघायचं असतं. म्हणून हाताला २ ग्रॅमची आणि पायाला १० ग्रॅमची तार वापरून ठरावीक दिवसांनी त्याच जागा पुन्हा तपासतात, आणि एखाद्या जागेतल्या बदलापेक्षा दोन किंवा अधिक जागांतल्या बदलाला महत्त्व देतात. तुटलेला तंतू वाढला तरी दिवसाला मिलीमीटरभरच वाढतो. गुडघ्यापासून तळपायापर्यंतचं अंतर बघा आणि मग "आठ दिवसांत बधिरपणा गायब" या जाहिरातीकडे बघा.

अशा जाहिरातींच्या यंत्रांबद्दल थोडं. पायाला लाल-इन्फ्रारेड प्रकाश देणाऱ्या यंत्रांनी संवेदना परत येते असा दावा अमेरिकेत बराच गाजला होता. पुढे काही रुग्णांना चालू आणि काहींना हुबेहूब दिसणारं निष्क्रिय यंत्र देऊन चाचण्या झाल्या. त्यातल्या एका चाचणीत चार आठवड्यांनी तारेचे गुण दोन्ही गटांत सुधारले, निष्क्रिय यंत्र लावलेल्यांतही तितकेच. का सुधारले असतील? माणूस तपासणीसाठी येतो तो त्रास सगळ्यात वाढलेला असताना, पुढे तो थोडा आपणहून उतरतो. दुसऱ्या वेळी परीक्षा ओळखीची झालेली असते, कुठे लक्ष द्यायचं ते कळलेलं असतं. पाय रोज उघडून बघितल्याने निगाही वाढते. प्रकाश न देताही इतकं सगळं होतं. तेव्हा आपल्या ओपीडीत कुठलाही नवा उपचार सुरू करण्याआधी निदान दोन वेळा, आठ-पंधरा दिवसांच्या अंतराने मोजणी करा आणि पहिली मोजणी सराव म्हणून सोडून द्या. दुसरी हीच सुरुवात. नंतर मोजणाऱ्याला कुणाला काय उपचार चालू आहे ते सांगू नका, आणि उपचार करणाऱ्याला स्वतः मोजू देऊ नका. विकणाऱ्याला तर नकोच नको.

नसांतून संदेश जाण्याचा वेग मोजणाऱ्या तपासणीत आणखी एक वेगळाच घोटाळा होतो, तो गारठ्याचा. पाय एका अंशाने गार झाला की वेग सेकंदाला साधारण दोन मीटरने कमी येतो. जानेवारीत पहाटे बसने आलेल्या माणसाचा गार पाय थेट तपासला आणि मे महिन्यात पुन्हा तपासला, तर मधल्या औषधाने नसा सुधारल्या असं रिपोर्ट सांगेल. पाय गरम पाण्यात धरून किमान तीस अंशांवर आणायचा आणि तापमान रिपोर्टवर लिहायचं.

केसपेपरवर "मोनोफिलामेंट पॉझिटिव्ह" असं लिहून ठेवणारे बरेच आहेत. कळलं म्हणून पॉझिटिव्ह की बिघाड आहे म्हणून पॉझिटिव्ह, हे पुढच्या वेळी लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यापेक्षा एवढी एक ओळ पुरते: उजवा अंगठा ८ पैकी ५, उजवा चवडा अंगठ्याकडे ८ पैकी ७, करंगळीकडे घट्टा, शेजारी ८ पैकी ४, तार क्रमांक २, सकाळी काट्यावर ९.६ ग्रॅम, पाय ३१ अंश, वेळ ११.२०, तपासणाऱ्याची सही.